कापड टिकलं, कागद गेले

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतल्या कापडाचं काय झालं, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. गिरण्यांवर आणि संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. शहरात सूत विणणं थांबत गेलं, पण लोकांनी कापड वापरणं थोडंच थांबवलं? मग सुती कापडाच्या जागी जे आलं ते कुठून आलं, आणि त्यापायी घरातल्या कुठल्या सवयी सुटल्या? आज या प्रश्नाचा एक छोटा तुकडा घेऊ या: बॅगेचं जाड सिंथेटिक कापड. ते तुमच्याही पाठीवर किंवा माळ्यावर असणारच, म्हणून शेवटी ते सांभाळायचं कसं हेही लिहिलंय.

माळ्यावरची बॅग

गेल्या मे महिन्यात मी चारकोपला मामीकडे गेले होते. तिला मामाचे गिरणीतले कागद हवे होते. मामा लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात होता. तो जाऊन आता काही वर्षं झाली. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची घरांची योजना आहे, तिच्यात वारसांनाही अर्ज करता येतो. पण १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर होता, हे दाखवावं लागतं. लाल पास, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, असं काहीतरी हातात हवं. मामी आजही भाड्याच्या खोलीत राहते. म्हणजे जे कागद माझ्यासाठी इतिहासाचं साधन, तेच तिच्यासाठी घराचा पुरावा.

कागद माळ्यावर एका काळ्या बॅगेत होते. ती बॅग मामानेच शिवलेली. संपानंतर गिरणीतलं काम गेलं, तेव्हा त्याने जाड शिलाईचं मशीन घेतलं आणि दुकानदारांसाठी घरी बॅगा शिवायला लागला. त्यातल्याच उरलेल्या कापडाची ही स्वतःसाठी केलेली. नव्वदीच्या दशकातली. खोल्या बदलल्या, बॅग बरोबर फिरत राहिली, आणि जवळजवळ वीस वर्षं माळ्यावरून कुणी खाली काढली नव्हती.

चेन उघडली तर आधी आंबूस वास आला. हात आत घातला तर बोटं चिकटली. आतलं काळं कोटिंग काही ठिकाणी गुळासारखं झालेलं, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले. सुटे ठेवलेले सगळे कागद त्याला चिकटून बसले होते. पगाराच्या पावत्यांवरची शाई उलटी होऊन अस्तरावर उमटली होती. संपाच्या काळातली दोन पत्रकं होती, ती एकमेकांत मिसळून एकच वडी झालेली. मी घाईने एक पावती ओढली आणि ती मधोमध फाटली. ती चूक माझी.

मामी शेजारी उभी होती. म्हणाली, "अगं, पण बॅग तर अजून धडधाकट आहे की!"

तिचं बरोबर होतं. बाहेरून कापड एकदम ठणठणीत. शिलाई उसवलेली नाही, कुठे भोक नाही. मी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, जरासुद्धा फाटलं नाही. मग ज्याच्या मजबुतीवर एवढा भरवसा, त्याच कापडाने आतला माल कसा काय खाल्ला?

एक कापड, तीन गोष्टी

बॅगेचं कापड म्हणतो ते खरं तर तीन गोष्टींचं मिळून असतं: धागा, वीण आणि लेप. दुकानात गेलात की पहिल्या दोघांबद्दल ऐकायला मिळतं, तिसऱ्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे १,००० डेनियरचा ९ किलोमीटर लांब धागा एक किलो भरतो. शाळेच्या दप्तरांत ६०० डेनियरचं पॉलिस्टर फार दिसतं. लॅपटॉपच्या आणि प्रवासी बॅगांवर १६८० असा आकडा छापलेला असतो. पण हा आकडा वजनाचा आहे, ताकदीचा नाही. धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा, आणि विणलाय कसा, यावर मजबुती ठरते. घासणं सोसायला नायलॉन सरस. ऊन सोसायला पॉलिस्टर सरस. नायलॉन साधारण हवेत आपल्या वजनाच्या चारेक टक्के पाणी धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही.

तिसरी गोष्ट लेप. विणलेल्या कापडाला भोकं असणारच, पाणी आत येणारच. म्हणून आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, किंवा पीव्हीसीचा पातळ थर देतात. त्याने पाणी अडतं, कापडाला अंग येतं आणि कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटत नाहीत. मामाच्या बॅगेत कापड शाबूत राहिलं आणि हा थर गेला.

मजबुती कुणासाठी शोधली?

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन तयार केलं. १९३८ मध्ये ते जाहीर झालं आणि १९४० मध्ये बायकांचे पायमोजे म्हणून देशभर विकायला आलं. लवकरच अमेरिका महायुद्धात उतरली. जपानी रेशीम बंद झालं आणि नायलॉन पॅराशूटकडे वळलं. आपल्याकडे आजही पातळ, सळसळत्या कापडाला दुकानदार 'पॅराशूट' म्हणतात, ते इथून आलंय.

जाड कापडाचं मूळही तसंच. 'बॅलिस्टिक नायलॉन' हे विमानातल्या सैनिकांच्या अंगरख्यासाठी केलेलं कापड. तोफगोळा फुटल्यावर उडणारे तुकडे त्याने अडवायचे होते, बंदुकीची गोळी नव्हे. १०५० डेनियरचे धागे दोन-दोनच्या जोडीने टोपलीसारखे विणलेले. आज १६८० डेनियरच्या पॉलिस्टर बॅगेवरही 'बॅलिस्टिक' लिहिलेलं दिसतं. तिथे बहुतेक वेळा विणीचा देखावा तेवढा तसा असतो.

'कॉर्डुरा' हे नावही ड्यूपॉन्टचंच. १९२९ मध्ये ते रेयॉनच्या धाग्यासाठी नोंदवलं गेलं आणि युद्धात तो धागा लष्करी गाड्यांच्या टायरमध्ये गेला. १९६६ पासून तेच नाव फुगवलेल्या नायलॉन धाग्याला मिळालं, आणि सत्तरीच्या दशकात तो नीट रंगवता यायला लागल्यावर पाठपिशव्यांमध्ये आला. हाताला जरा खरखरीत, सुतासारखं लागणारं ते कापड.

यातून मला एक गोष्ट दिसते. या कापडाची परीक्षा घेणारे होते सैन्य आणि टायरवाले. त्यांचे प्रश्न ठरलेले: घासलं तर किती टिकेल? ओढलं तर कधी तुटेल? ओलं झालं तर कुजेल का? या सगळ्यांत ते सुतापेक्षा पुढे गेलं. पण "दमट शहरात, माळ्यावर, कागद भरून वीस वर्षं नुसतं पडून राहिलं तर?" हा प्रश्न त्यांना कशाला पडेल?

मुंबईत हे कापड आलं कसं

कृत्रिम धागा मुंबईला संपानंतर एकदम भेटला असं नाही. १९५८ साली नोंदलेली निरलॉन कंपनी गोरेगावला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगत, नायलॉनचा धागा काढायची. चारकोपहून दादरकडे बसने निघालात तर ती जागा वाटेत लागते. आज तिथे निरलॉन नॉलेज पार्क नावाची काचेची ऑफिसं उभी आहेत. भोसरीला १९६५ साली स्थापन झालेली सेंच्युरी एन्का आली, आणि तिथे टायरसाठीचा नायलॉन धागा आजही निघतो. टेरिलीन, टेरिकॉटचे शर्ट तर साठ-सत्तरीतल्या लग्नांच्या फोटोंमध्ये हमखास दिसतात. पण हा धागा महाग होता, त्यावर कर जबर होते, त्यामुळे तो मिरवायच्या कपड्यांत गेला. रोजची पिशवी कॅनव्हासची, खादीची किंवा जुन्या पँटची.

मग १९८२ उजाडलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी मुंबईपासून काही तासांवर, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला, रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. तंत्रज्ञान होतं ड्यूपॉन्टचं. एकामुळे दुसरं झालं असं मी अजिबात म्हणत नाही, संपाची कारणं वेगळी आणि जुनी होती. पण दोन्ही घटना एका कॅलेंडरवर ठेवून बघा. पुढे जून १९८५ मध्ये केंद्र सरकारचं नवं वस्त्रधोरण आलं. सूत आणि कृत्रिम धागा यांत डावं-उजवं करायचं नाही, अशी त्याची दिशा होती. कर उतरले, पॉलिस्टर स्वस्त झालं आणि मिरवायच्या कपड्यातून दप्तरात उतरलं.

आणि चारकोप? १९८५ सालीच जागतिक बँकेच्या कर्जावरचा मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. त्यात म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी छोटे भूखंड पाडले. रस्ता, पाणी, गटार सरकारने द्यायचं आणि घर ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. सेक्टरांच्या नंबरांनी ओळखलं जाणारं आजचं चारकोप असं वसलं. लोकांनी वर खोल्या चढवल्या, त्यातल्या काही भाड्याने दिल्या. मामासारखी माणसं त्या खोल्यांत आली आणि तिथेच मशीन मांडून बसली.

म्हणजे साच्यावर सूत विणणारा माणूस पॉलिस्टर शिवायला लागला. मामाच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "याला काय होत नाय." गिऱ्हाइकाला तो हेच सांगायचा, आणि त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. म्हणून तर घरातले सगळ्यात महत्त्वाचे कागद त्याने त्याच कापडात ठेवले.

लेप का मरतो?

पीयूचे अनेक प्रकार आहेत. स्वस्त बॅगांमध्ये बहुधा एस्टर जातीचा असतो. हवेतलं पाणी त्यातले एस्टरचे बंध हळूहळू तोडतं. तुटताना थोडं आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल उरलेले बंध आणखी जलद तोडतं. म्हणून सुरुवातीला बरीच वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका-दोन पावसाळ्यांत सगळं चिकट होतं. बॅगेतला तो आंबूस वास हीच त्याची खूण. एकदा सुरू झालं की मागे फिरवता येत नाही. ईथर जातीचा पीयू पाण्याला जास्त काळ टिकतो, पण तो महाग.

पीव्हीसीची तऱ्हा वेगळी. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं, मग लेप कडक होऊन तडकतो. झेरॉक्स कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरला चिकटून त्यावरची अक्षरं फोल्डरवर उमटतात ना? त्यामागे बऱ्याचदा हेच द्रव्य असतं.

आता मुंबईचा पावसाळा आठवा. हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात, चार महिने. चारकोपच्या पलीकडे खाडी आणि तिवरं, हवा खारी. माळा म्हणजे स्लॅबखालची, उन्हाळ्यात तापणारी, वारा न लागणारी जागा. पाणी आणि उष्णता, लेपाचे दोन्ही शत्रू तिथे मुक्कामाला. रोज वापरातली बॅग निदान उघड-मीट होते, तिला हवा लागते. बंद ठेवलेलीचं आतलं आम्ल आतच कोंडतं. म्हणजे ही बॅग वापरून जेवढी खराब होते, त्याहून जास्त जपून ठेवून होते. हे मला या सगळ्यात सर्वांत विचित्र वाटलं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. सुती कापडाला कसर, बुरशी, कुजणं हे सगळं होतं, म्हणून घरात त्याची रीत होती. पाऊस सरला की ट्रंका उघडायच्या, गोधड्या, शालू, कपडे उन्हात टाकायचे, दसऱ्याच्या आधी सगळं झटकून पुन्हा घडी घालायची. सिंथेटिक आलं आणि "याला काही होत नाही" म्हणत आपण त्याला या रीतीतून वगळलं. कापडाने दिलेला शब्द पाळला. तो शब्द लेपासाठी नव्हताच, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आणि सुताचे गोडवे मला गायचे नाहीत. तीच बॅग कॅनव्हासची असती आणि माळ्यावर गळती लागली असती, तर कापड आणि कागद दोन्ही कुजले असते.

मग सांभाळायचं कसं?

चारकोप मार्केटजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांच्याकडून शिकलेलं आणि वाचलेलं एकत्र करून सांगते.

धुणं: वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. तिथे कापड वाचतं, लेप सुटतो. आधी कोरडी झटका, मग साध्या पाण्यात सौम्य साबण आणि मऊ ब्रश. गरम पाणी नको, ब्लीच नको. अस्तर बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. कडक ऊन नको, नायलॉन उन्हाने पिवळं आणि कमकुवत होतं. इस्त्री तर अजिबात नाही, हे कापड जळायच्या आधी वितळतं.

चेन: बॅग फेकली जाते ती बहुतेक वेळा चेनपायी. काका म्हणतात, चेन क्वचितच बिघडते, रनर झिजतो. नुसता रनर बदलून मिळतो. दात्यांत माती, वाळू अडकली की रनर लवकर झिजतो, म्हणून जुन्या टूथब्रशने साफ करा. धातूची चेन अडत असेल तर मेणबत्ती घासा. खाऱ्या हवेत धातूपेक्षा नायलॉनची चेन बरी.

शिलाई: दुरुस्तीला दिलीत तर दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचाच वापरायला सांगा. सुती दोरा कापडाच्या आधी कुजतो आणि मग चांगली बॅग शिवणीतून उलगडते. आतल्या कडेचे धागे सुटले असतील तर काका मेणबत्तीची ज्योत लांबून दाखवून कड बसवतात. घरी करून बघू नका, लेप पेट घेतो.

ठेवणं: हे सगळ्यात महत्त्वाचं. माळ्यावर रिकामी, कोरडी आणि चेन थोडी उघडी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओल आत कोंडते. आकार टिकवायचा तर वर्तमानपत्राऐवजी जुनी उशीची खोळ किंवा साडी भरा, कारण लेप चिकट झाला की छापील शाई उतरते. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, दमटपणावर त्यांचा काही उपयोग नाही. आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या साफसफाईला, बॅग खाली काढून उघडा. वास घ्या, आत बोट फिरवा. आंबूस वास किंवा चिकटपणा आला असेल तर आतलं सामान त्याच दिवशी बाहेर काढा.

कागद: कुठल्याही लेप दिलेल्या बॅगेत किंवा मऊ प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद वर्षानुवर्षं ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. आणि त्याआधी फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर पाठवा. आधीच चिकटले असतील तर माझ्यासारखं ओढू नका, ड्रायर लावू नका. जसे आहेत तसे फोटो काढा, मध्ये बेकिंगचा न चिकटणारा कागद सरकवा आणि जुने कागद हाताळणाऱ्या जाणकाराला दाखवा.

मामीच्या अर्जाचं काय झालं?

बॅगेच्या तळाशी एक पुरचुंडी निघाली. जुन्या धोतराच्या फडक्यात मामाने काहीतरी बांधून ठेवलं होतं. फडक्याची बाहेरची बाजू अस्तराला घट्ट चिकटलेली, ती कात्रीने कापून काढली. आतली घडी कोरडी होती. आत लाल पास आणि प्रॉव्हिडंट फंडाचा एक कागद. नाव वाचता येत होतं, तिकीट नंबर वाचता येत होता.

पगाराच्या अकरा पावत्यांपैकी दोनच पूर्ण सुटल्या. पत्रकांची वडी तशीच आहे. संपाच्या काळात लालबागमध्ये काय वाटलं जात होतं हे त्यावर लिहिलेलं होतं, आणि माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं असतं. आता नाही राहणार. पण मामीचे कागद जमा झाले आहेत. पुढे काय होतं त्याची वाट बघतोय.

बॅग मी टाकली नाही. लेप पूर्ण खरवडून काढला, आता ती नुसतं कापड म्हणून उरली आहे. पाणी अडवत नाही, भाजी आणायला चालते. मामाची शिलाई अजून एका टाक्यानेही हललेली नाही.

या आठवड्यात वेळ काढा आणि तुमच्या माळ्यावरची एक बॅग उघडून बघा. आत कुणाचे कागद असतील तर आधी ते बाहेर काढा.